माश्या की मोतीबिंदू? फेको की हाताचं ऑपरेशन?

मे महिन्यात जळगावच्या पांढऱ्याफट्ट उन्हात वर पाहिलं की डोळ्यापुढे काळ्या माश्या फिरतात, आणि घरात पेपर उघडला की अक्षरं पुसट. साठीनंतर दोन्ही त्रास बरेचदा बरोबरच येतात. शेजारी मात्र 'मोतीबिंदू पिकला, काढून टाका' एवढंच सांगून मोकळे होतात.

माश्या म्हणजे फ्लोटर्स. डोळ्यातली जेली वयानुसार पातळ होते, पडद्यापासून सुटते आणि तिच्यातल्या धाग्यांची सावली पडद्यावर पडते. नजर वळवली की त्याही सरकतात. मोतीबिंदूचं धुकं असं सरकत नाही, आणि रात्री समोरच्या ट्रकचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. ऑपरेशनने धुकं जातं, माश्या राहतात. यावलच्या माझ्या मामांना तर नवं भिंग बसल्यावर त्या जास्तच ठळक दिसू लागल्या. "पैसा वाया गेला का रे?" नव्हता गेला, दिव्यांचं फुटणं थांबलं होतं.

माश्यांवर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही, काही महिन्यांत सवय होते. जेली काढण्याचं ऑपरेशन असतं, पण त्यात पडदा सुटण्याचा धोका, शिवाय मोतीबिंदू लवकर वाढतो. मी त्या वाटेला जाणार नाही. मात्र अचानक माश्यांचा थवा, विजेसारखी चमक किंवा एका बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्या. इथे 'सोमवारी बघू' चालत नाही.

आता मोतीबिंदू. तो काढण्याच्या फेको पद्धतीला गावात 'लेझर' म्हणतात, पण ते काम ध्वनिलहरींचं: धूसर झालेलं भिंग आतच फोडून २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेतात. बहुधा चार-आठ दिवसांत नजर येते. हाताच्या पद्धतीत छेद ६-७ मिलिमीटरचा, तोही बहुधा बिनटाक्याचा. चष्म्याचा नंबर ठरायला महिना-दीड महिना लागतो. पण मोतीबिंदू दगडासारखा पिकला असेल तर हीच पद्धत बरेचदा सुरक्षित. सरकारी रुग्णालयात, शिबिरात ऑपरेशन मोफत होतं, म्हणून ते हलकं समजू नये.

नव्या भिंगात मल्टिफोकलचा, म्हणजे जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगाचा मोह होतो. पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात; केळीच्या गाडीमागे रावेरहून मोटारसायकलवर परतणाऱ्याला ती नकोत. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर डॉक्टरही सहसा ते टाळतात. माझी पसंती साध्या भिंगाला, वाचायला चष्मा.

'थंडीतच करावं' ही जुनी समजूत, ऋतूचं बंधन नाही. पण काही आठवडे धूळ आणि डोक्यावरून पाणी टाळायचं असतं, म्हणून मामांनी दुसरा डोळा कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर ठेवलाय.