जुन्या वस्तूंची नोंद: वही की एक्सेल?
वहिनी, आजेसासऱ्यांचे अडकित्ते, समया, शिवराई नाणी मिळून शंभरेक नग म्हणताय ना, मग ऐका. खर्च दोन्हीकडे किरकोळच. वही लाइट गेली तरी उघडते, कुठली वस्तू कोणाकडून आली ते सविस्तर लिहिता येतं, पण वाळवी लागली की संपलं, माझी एक वही अशीच गेली, अजून जीव हळहळतो. एक्सेलमध्ये मोराचा अडकित्ता टाइप केलं की लगेच सापडतो, वजन, लांबी, फोटोचा नंबर एका ओळीत, फक्त बॅकअप हवाच. वयाचा रकानाही ठेवा, १०० वर्षांवरच्या धातूच्या मूर्तीला १९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने सरकारी नोंदणी लागते. आणि पितळेवर स्टिकर नको, डिंक सहज निघत नाही, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वीस-पंचवीस नग असतील त्याला वही बास, तुम्ही मात्र एक्सेलच करा, आठवणी तेवढ्या वहीत लिहा.