महिन्याचा किराणा इतवारीतून, आठवड्याची भाजी कॉटन मार्केटमधून

नागपुरात शाकाहारी घराचा किराणा कुठून भरावा, या प्रश्नाला माझे उत्तर इतवारी-मस्कासाथचा बाजार हेच आहे. मात्र निघण्यापूर्वी घरी हिशेब मांडला, तरच त्या बाजाराचा खरा उपयोग होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याकाठी धान्य ३० किलो आणि डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत पहिला आकडा सहज ओलांडला जातो आणि दुसरा निम्म्यावर अडतो.

इतवारीचे मोल नेमके इथे कळते. तूर, मूग, मसूर, बरबटी (चवळी), मोट (मटकी), हरभरा, लाखोळी (लाखेची डाळ) असे सगळे उघड्या पोत्यांत समोर असते. हातात घेऊन, पारखून, हवे तेवढे मागता येते. बिनपॉलिशची तूरडाळ मंद पिवळी दिसते आणि मुठीत घेतली की तळव्यावर बारीक भुकटी राहते, तर तेलाचा हात दिलेली डाळ चकाकते. मी विचारले तेव्हा दुकानदाराने दोन्ही डाळी शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "भाऊ, चमक पाहून घेऊ नका, शिजवून पाहा." गुणवत्तेबाबत मी समाधानी आहे. जवस आणि तीळ मात्र थोडेच घ्यावेत. जवस अख्खा आणून लागेल तसा भाजून कुटावा, कारण कूट ठेवले की लवकर खवट होते.

भाजीसाठी कॉटन मार्केटच उत्तम. चौघांना दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम भाजी लागते, म्हणजे आठवड्याला ११ किलोंच्या वर, आणि एवढी भाजी गल्लीतल्या हातगाडीवरून परवडत नाही. सकाळी लवकर गेल्यास पालक, मेथी, अंबाडी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) ताजे मिळतात. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, पोपटीच्या (वालाच्या) शेंगा आणि हिरवा हरभरा हमखास घ्यावा. पालेभाजी दोन दिवसांपुरतीच आणावी. भोपळा, गाजर, कोबी आठवडाअखेरीसाठी राखावेत. यादीत लिंबू आणि हंगामात संत्री पक्की असावीत, कारण डाळी व पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच लोहाच्या आड येतो.

गैरसोयी आहेतच. इतवारीचे रस्ते अरुंद असल्याने चारचाकी नेण्याचा विचार करू नये, आणि काही दुकानांत किरकोळ गिऱ्हाइकाला थांबावे लागते. कॉटन मार्केटला मेट्रोचे स्थानक आहे, त्यामुळे भाजीपुरती ती सोय चांगली. ब१२ जीवनसत्त्वाची गरज धान्यबाजार भागवू शकत नाही. त्यासाठी दूध-दही रोजच्या हिशेबात धरावे, आणि जे दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. एकट्या राहणाऱ्याने मात्र हा सारा खटाटोप करू नये. त्याला गोकुळपेठचा बाजार पुरेसा आहे, भाव थोडा चढा असला तरी.