सगळं विकावं की अर्धं?

इंदूरला विजयनगरात मायक्रोब्रुअरी (छोटा बिअर कारखाना) चालवणारा माझा आतेभाऊ पेचात आहे. एका कंपनीला अख्खा धंदा हवाय, दुसरी निम्म्या भागीदारीला तयार. दोघींची गोडगोड सादरीकरणं बाजूला सारून मी त्याला अमेरिकेतली दोन उदाहरणं सांगितली.

पैसा: शिकागोची बिअर कंपनी गूज आयलंड 2011 मध्ये सुमारे 3.88 कोटी डॉलरना पूर्णपणे अनहायझर-बुश या बड्या बिअर कंपनीकडे गेली. पण 42 टक्के वाटा आधीच दुसऱ्या कंपनीकडे होता, तेवढी रक्कम तिकडे वळली. म्हणजे आधी आपले कागद तपास, बाबा! कॅलिफोर्नियातल्या लागुनिटास या बिअर कंपनीने 2015 मध्ये हायनेकेन या डच बिअर कंपनीला निम्मा हिस्सा दिला. 2017 मध्ये उरलेला निम्माही गेला.

चव: इथे खरी गोम आहे. गूज आयलंडची '312' ही गव्हाची बिअर खपायला लागली, तशी ती न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या कारखान्यात बनू लागली. व्हिस्कीच्या पिंपात मुरणारी 'बर्बन काउंटी' मात्र शिकागोतच राहिली. जे सहज वाढवता येतं ते आधी घराबाहेर जातं.

कामगार: निम्म्या भागीदारीने सुरुवात केली म्हणून कायमची हमी मिळत नाही. लागुनिटासचा शिकागोतला कारखाना 2024 मध्ये बंदच झाला.

कर्ज डोक्यावर आहे, पुढची पिढी यात उतरणार नाही, तर सगळं विकून मोकळं व्हावं. टाक्या वाढवायच्यात आणि रेसिपी स्वतःच्या हातात हवी, तर निम्मं द्यावं. मात्र उरलेला हिस्सा कधी, कोणत्या भावाने विकायचा, हे करारात आधीच लिहून घ्यावं.