जवळची वाट की जनुकीय शोध?

कागदावर खानदेशाचं एक जाळं काढा: भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार. भुसावळहून धुळ्याला प्रकाशातून माहिती नेणाऱ्या फायबरवरून नवी जोडणी द्यायची आहे.

पहिला पर्याय सरळ. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या १९५९च्या पद्धतीने सगळ्यात जवळचा मार्ग काढायचा आणि त्यावर मोकळी सापडेल ती पहिली तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचा एक 'रंग', त्या जोडणीला देऊन टाकायची. उत्तर क्षणात मिळतं. पण मग जो तो एरंडोल-पारोळ्याचीच वाट धरतो, ती तुंबते आणि चाळीसगावकडचं फायबर रिकामं पडून राहतं.

दुसरा पर्याय म्हणजे संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी रुजवलेला, उत्क्रांतीची नक्कल करणारा जनुकीय अल्गोरिदम. जोडणीच्या प्रत्येक मागणीसाठी तीन-चार मार्ग आधीच काढून ठेवायचे. '२-१-३-१' ही ओळ म्हणजे एक गुणसूत्र: पहिली मागणी दुसऱ्या मार्गाने, दुसरी पहिल्या मार्गाने, असं. अशा शंभरेक ओळी घ्यायच्या. ज्यांना मोजक्याच तरंगलांब्या पुरतात त्यांना जास्त गुण देऊन टिकवायचं, दोन ओळींचे तुकडे जोडायचे, मधूनच एखादा आकडा बदलायचा. पिढ्यांमागून पिढ्या भार पसरत जातो. वाटेत तरंगलांबी बदलायची सोय नसेल, तर तीच तरंगलांबी मार्गातल्या प्रत्येक टप्प्यावर मोकळी हवी; ही अट गुण देताना नीट बसवणं, हेच यातलं खरं कसब.

सर्वोत्तम उत्तराची हमी नाही, दर वेळी उत्तरही थोडं वेगळं येतं. तरीही वर्षभराचं नियोजन करायचं असेल तर मी हाच निवडेन. फायबर तुटलं तर मात्र नाही. ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळवायची असते, तिथे आधीच ठरवलेली पर्यायी वाटच कामी येते.