बीएएमएमसी घेऊ का आधी साधं बीए करू?

मावशीची पोरगी पंधरा दिवस डोकं खातेय, ताई मला मीडियातच जायचंय, मग बारावीनंतर डायरेक्ट बीएएमएमसी (मीडियाचीच तीन वर्षांची डिग्री) घेऊ की बीए करून नंतर एक वर्षाचा कोर्स करू. व्हॉट्सॅपवर तुकड्या तुकड्यात सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहिते, तिच्यासारखे अजून बरेच असतील.

आधी नावाचा घोळ मिटवू. बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणजेच आताचं बीएएमएमसी, मुंबई विद्यापीठाने २०१९ ला नाव बदललं, घरातल्या मोठ्यांना अजून बीएमएमच माहितीये.

मी बीएमएमवाली, ॲडव्हर्टायझिंग. थिअरी विचाराल तर सगळी विसरले, पण शेवटच्या सेमचा एजन्सी पिच नाही विसरले. ग्रुप करायचा, खोटी जाहिरात एजन्सी काढायची, रात्र रात्र कोणाच्यातरी घरी बसून कॅम्पेन करायचं (आमच्यातला एक भांडून निघूनच गेला, परीक्षेलाच परत भेटला), आणि मग इंडस्ट्रीतली माणसं समोर बसून आपल्या लाडक्या टॅगलाइनची दहा सेकंदात वाट लावणार. पहिल्या नोकरीत क्लायंटने सेम तेच केलं तेव्हा रडू नाही आलं, एवढा फायदा नक्की झाला. शिवाय सिनियर्स. माझी पहिली इंटर्नशिप कॉलेजने नाही, एका सिनियरने लावून दिली.

पण तिथे सगळं थोडं थोडं शिकवतात हो. थोडं राजकारण, थोडं अर्थशास्त्र, थोडा मीडियाचा कायदा, आणि मग बजेटच्या दिवशी न्यूज डेस्कवरच्या पोराला महसुली तूट आणि राजकोषीय तूट यातला फरक माहीत नसतो. आमच्या टीममधली मुलगी इकॉनॉमिक्स घेऊन बीए झालेली, कॅमेरा कसा धरायचा ते तिला एका आठवड्यात आलं, तिला येतं ते मला अजून येत नाहीये.

पैशाचं पण बोलू. बीएएमएमसी बहुतेक ठिकाणी सेल्फ फायनान्स, अनुदानित कॉलेजातलं बीए त्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं. आणि फी भरली की संपलं असं नाही, प्रोजेक्ट, प्रिंटाउट, लॅपटॉप चालूच.

बीएनंतरचे रस्ते बरेच आहेत. धोबीतलावला झेवियर्सच्या आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे, १९६९ पासूनचं, तिथे पदव्युत्तर डिप्लोमे. सोफिया कॉलेजचा सोशल कम्युनिकेशन्स मीडिया कोर्स एक वर्षाचा, फक्त मुलींसाठी. डॉक्युमेंटरीचं वेड असेल तर देवनारच्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं दोन वर्षांचं एमए, पण ते वाचनाची खरोखर आवड असणाऱ्यांनीच बघा, नुसता कॅमेरा आवडतो म्हणून जाऊ नका.

मराठीतच काम करायचं असेल तर मराठी माध्यमातलं बीएमएमही निघालेलं, रुईया, साठ्ये, डहाणूकर वगैरे, यंदा कुठे चालू आहे ते कॉलेजातच जाऊन विचारा. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, उत्तरं मराठीत, हा वैताग आहेच. पण न्यूज चॅनेलला धड मराठी लिहिणारं माणूस लागतं आणि ते सहजासहजी मिळत नाही, हे मी रोज बघते.

आमच्या बाईसाहेबांसाठी माझं मत बीए. तिला पेपर वाचायची सवय आहे, एकटी बसून लिहिते, ग्रुप प्रोजेक्टचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. तिच्या भावाने विचारलं असतं तर उलटं सांगितलं असतं, त्याला कोणी हातात काम दिल्याशिवाय काही सुचतच नाही, त्याने तीन वर्षं बीएएमएमसीतच घालवावीत.

काहीही घ्या, लेक्चर किती वाजता सुटतात ते आधी विचारा. डोंबिवलीहून येणाऱ्या पोरीचं कॉलेज बारापर्यंत सुटलं तर दुपारी लोअर परळ नाहीतर अंधेरीला इंटर्नशिप होते, चारला सुटलं की नुसती गर्दीची लोकल. पंच्याहत्तर टक्के हजेरी आहेच डोक्यावर.

आणि हो, विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म वेगळा आणि कॉलेजचा वेगळा, दोन्ही भरायचे. शेजारच्या पोराने नुसता कॉलेजचा भरला आणि मग बसला रांगेत. मावशी, तू वाचत असशील तर तिचं बारावीचं मार्कशीट आत्ताच स्कॅन करून ठेव.