सॉना आणि थंड पाण्याचा टब: नोव्हेंबर ते मे वापरल्यानंतर

टबाचं पाणी गार करणाऱ्या मशीनवरून, म्हणजे चिलरवरून, क्लबच्या मॅनेजरशी मागच्या आठवड्यात चांगलंच वाजलं, तेव्हाच ठरवलं की आता सविस्तर लिहायचं. क्लबचं नाव घालत नाही. पण नाशिकमध्ये कुठेही सॉना (कोरड्या गरम हवेची खोली) आणि कोल्ड प्लंजचं (थंड पाण्याच्या टबात बसणं) पॅकेज घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

टबाशेजारच्या पाटीवर १२ अंश लिहिलंय. थंडीत तेवढं असायचंही. मार्च लागला तसं पाणी नुसतं गार वाटायला लागलं, म्हणून स्वयंपाकघरातला थर्मामीटर पर्समध्ये टाकून नेला. २० अंश! आमचं लेडीज टायमिंग दुपारी १२ ते ४. सकाळभर पुरुषांची बॅच सॉनातून तापून त्याच टबात उतरते, त्यात वर दुपारचं ऊन, आणि चिलर ठेवलाय जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात. पाण्यातली उष्णता काढून तो बाहेरच्या हवेत टाकतो. तीच गरम हवा पुन्हा त्याच्यातच शिरत असेल तर पाणी गार होणार कुठून? मेकॅनिकने जाळी काढली तेव्हा कॉइलवरची धूळ जुन्या गादीतल्या कापसासारखी थरांनी सुटून आली. साफ केल्यावर दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा ट्रिप.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बर्फ टाकून देतो ना." आणि पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या ओतल्या. मी थर्मामीटर धरून उभी होते. बर्फ पूर्ण विरघळल्यावर काटा साडेसतराच्या जरा वर थांबला. टब ४०० लिटरचा आहे. एवढं पाणी २० वरून १२ वर आणायला साधारण ३५ किलो बर्फ लागतो, हे हिशेबाने निघतं. मॅनेजरना कागदावर मांडून दाखवलं, तर ते म्हणाले, "ताई, बाकी कुणाची तक्रार नाही." बाकी कुणाकडे थर्मामीटर नाही, म्हणून तक्रार नाही! सकाळी आणि दुपारी पॅकेजचा दर एकच घेता, तर पाणीही एकच द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

सॉनाबद्दल मात्र एका शब्दाचीही तक्रार नाही. विजेचा हीटर, वर दगड, लाकडी बाकांच्या दोन पायऱ्या, तापमान ८० ते ९०. स्टीम बाथची सवय असणाऱ्यांना आकडा ऐकून धडकी भरते, पण हवा कोरडी असल्यामुळे सोसवतं. नवीन असाल तर खालच्या बाकावर बसा, गरम हवा वर साठते. सुरुवातीला सहा-सात मिनिटं पुरे. मंगळसूत्र, कानातलं, चेन बाहेरच काढा. धातू इतका तापतो की मानेवर चटका बसतो. उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा, कारण उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उपवासाच्या दिवशी मी जात नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचं काही असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजनासाठी कुणी जाऊ नये. बाहेर आल्यावर काटा खाली दिसतो तो घामाचा. दोन तांबे पाणी प्यायलं की वजन परत जागेवर. 'शरीरातलं विष निघतं' हेही खरं नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मला खरा फरक पडला तो झोपेत, आणि दिवसभर उभं राहून आखडणाऱ्या कंबरेत. हृदयाच्या फायद्यासाठी सगळे ज्या फिनलंडच्या अभ्यासाचा दाखला देतात तो २०१५ सालचा आहे. २३१५ मध्यमवयीन माणसांवर सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि वारंवार सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. पण ते सगळे पुरुष होते. शिवाय फरक सॉनामुळेच पडला, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही.

थंड टबाबद्दल माझं मत मध्यंतरी बदललं. मार्चमध्ये वाटत होतं की २० अंश म्हणजे पैसे पाण्यात. मग एप्रिलमध्ये माझी जाऊ यायला लागली. थंडीत १२ अंशात नव्या बायका पाय बुडवून किंचाळत बाहेर पळायच्या. ही मात्र त्या कोमट झालेल्या टबात छातीपर्यंत बसली आणि श्वास लांबवायला शिकली. गार पाण्यात शिरताच धाप लागते, ती पहिल्या एक-दोन मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर ठेवून सावकाश श्वास सोडत राहायचं, हेच शिकायचं असतं. ते १८-२० अंशात नीट जमतं. तेव्हा नवशिक्यांनी १२ च्या मागे लागू नये. एकटीने तर उतरूच नये.

पण मग त्यासाठी क्लबला पैसे का द्यायचे? नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोजलं, तर ते १६-१७ भरलं. निळा पिंप, तेच पाणी, घरात कुणीतरी जागं, झालं काम. बर्फ नको, चिलर नको.

जूनमध्ये पॅकेज संपतंय. नुसत्या सॉनाचा दर वेगळा काढून द्या, असं लेखी दिलंय. दिला तर आठवड्यातून दोन दुपारी येत राहीन, नाहीतर दिवाळीपर्यंत बंद.