लेगोचा ‘विमेन ऑफ नासा’ संच: चार बाहुल्या आणि त्यांच्या शेजारी मांडलेले काम

एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीने ‘विमेन ऑफ नासा’ हा संच नोव्हेंबर २०१७ मध्ये बाजारात आणला. त्याचे उत्पादन आता थांबलेले आहे, तेव्हा आज त्याचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी लागावी म्हणून जी खेळणी विकली जातात, त्यांतली बरीचशी मी भाचीसाठी आणि मैत्रिणींच्या मुलींसाठी पाहिली आहेत, काही विकतही घेतली आहेत, आणि या लहानशा डब्याइतका नेमका विचार त्यांतल्या फार थोड्या खेळण्यांमागे मला दिसला. जुन्या साठ्यातला माल विकणाऱ्यांकडे तो अजून मिळतो. आमच्याकडे तो परदेशातल्या एका नातेवाइकाकरवी आला. मी स्वतः पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे या परीक्षणात माझ्या कामाचा अनुभवही येणार आहे.

संचात २३१ तुकडे आहेत आणि डब्यावर वयोमर्यादा दहा वर्षांच्या पुढची आहे. खगोलशास्त्रज्ञ नॅन्सी ग्रेस रोमन, सॉफ्टवेअर अभियंत्या मार्गारेट हॅमिल्टन आणि अंतराळवीर सॅली राइड व मे जेमिसन अशा चौघींच्या लहान बाहुल्या त्यात आहेत. रोमन यांच्यासाठी हबल दुर्बीण, हॅमिल्टन यांच्यासाठी कोडच्या, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांच्या, बाडांची चळत, आणि राइड व जेमिसन या दोघींसाठी मिळून प्रक्षेपणतळावर उभे केलेले स्पेस शटल यान, असे तीन देखावे जुळवायचे असतात. सोबत चौघींची थोडक्यात ओळख करून देणारी पुस्तिका मिळते. ही कल्पना कंपनीची नव्हे; अमेरिकेतल्या विज्ञान-संपादक माया वाइनस्टॉक यांनी २०१६ साली चाहत्यांच्या कल्पना मागवणाऱ्या ‘लेगो आयडियाज’ या उपक्रमात ती मांडली, दहा हजार लोकांनी पाठिंबा दिला आणि पुढे कंपनीने ती स्वीकारली. मूळ प्रस्तावात गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन धरून पाच जणी होत्या, अंतिम संचात चारच राहिल्या. जॉन्सन नसल्याची चुटपुट मला अजून वाटते.

जुळवणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लेगोची सवय असलेल्या मुलीला संध्याकाळचा थोडा वेळ पुरतो. शटलला रॉकेटचे तीन सुटे होणारे भाग आहेत आणि ते काढण्या-घालण्यात मुले रमतात. दुर्बीण थोडी नाजूक आहे, पण देखणी झाली आहे. मला खरे तर लिहायचे आहे ते हॅमिल्टन यांच्या देखाव्याबद्दल, कारण जुळवायला तो सर्वांत सोपा असला तरी या संचाची खरी किंमत त्यातच आहे.

१९६९ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. चष्मा लावलेली एक तरुण बाई हसत उभी आहे आणि तिच्या शेजारी जवळजवळ तिच्याच उंचीची जाडजूड बाडांची चळत आहे. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांवरच्या संगणकाचा जो कोड मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या चमूने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेत लिहिला, त्याच्या छापील प्रती म्हणजे ती चळत. संच करणाऱ्यांनी नेमके हेच दृश्य उचलले आहे. बाहुलीच्या हातात पर्स नाही, आरसा नाही, गुलाबी लॅपटॉपही नाही. तिच्या शेजारी तिचे काम उभे आहे, आणि ते तिच्याएवढे उंच आहे. भाचीने चळत रचून झाल्यावर विचारले, “मावशी, हे सगळं हिने एकटीने लिहिलं?” एकटीने नाही, तिच्या हाताखाली मोठा चमू होता आणि त्या चमूची प्रमुख ती होती, असे मी सांगितले, तेव्हा तिचा पुढचा प्रश्न आला, “मग त्यात पुरुष पण होते? आणि ते तिचं ऐकायचे?” दहा वर्षांच्या मुलीच्या मनात हा प्रश्न आपसूक आला, यातच खूप काही आले. खेळण्यातून असा प्रश्न निघतो, म्हणून मी या देखाव्याला पैकीच्या पैकी गुण देते.

त्यावर मी तिला जी गोष्ट सांगितली, ती हा संच घेणाऱ्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावी असे मला वाटते. हॅमिल्टन रात्री किंवा शनिवार-रविवारी कामाला जाताना आपल्या लहान मुलीला, लॉरेनला, सोबत नेत. मुलीला टाकून कामावर कशी येतेस, असे विचारणारे लोक त्यांनाही भेटत होतेच. एकदा लॉरेन अंतराळयानाच्या सिम्युलेटरची, म्हणजे सरावासाठीच्या नकली यानाची, बटणे दाबत खेळत होती आणि तिच्या हातून उड्डाण चालू असताना संगणकातला उड्डाणापूर्वीचा प्रोग्रॅम सुरू झाला; सिम्युलेटर कोलमडला. असे प्रत्यक्ष उड्डाणात झाले तर काय, हा विचार करून हॅमिल्टन यांनी ही चूक अडवणारा कोड घालू द्यावा असे सुचवले, पण अंतराळवीर इतके प्रशिक्षित असतात की त्यांच्याकडून असे होणारच नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राच्या मोहिमेवर असताना अंतराळवीर जिम लॉव्हेल यांच्या हातून तेच घडले, संगणकातली दिशादर्शनाची माहिती पुसली गेली आणि ती जमिनीवरून पुन्हा पाठवावी लागली. आई असणे हे ज्या बाईच्या कामातले उणे मानले जात होते, तिला त्या आईपणातूनच कामातली एक गंभीर उणीव दिसली, आणि तरीही तिचे ऐकले गेले नाही. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग त्या वापरू लागल्या तेव्हा सुरुवातीला सहकारी त्याची थट्टा करीत. अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान त्यांना मिळायला २०१६ साल उजाडले.

तुलनेसाठी २०१० साली आलेली संगणक अभियंती बार्बी घ्या. हा व्यवसाय लोकांच्या मतदानातून निवडला गेला होता आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु बाहुलीच्या हाती गुलाबी लॅपटॉप आला, डोळ्यांवर गुलाबी चष्मा चढला, आणि ती नेमके काय काम करते हे मात्र बाहुलीकडे पाहून कळेना. पुढे २०१४ साली तिच्यावरच्या गोष्टीच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला, कारण त्या गोष्टीत बार्बी खेळाची फक्त कल्पना आणि चित्रे करते आणि खरा कोड लिहायला तिला दोन मुलग्यांची मदत लागते. शिवाय संगणकात व्हायरस शिरतो तोही तिच्याच हातून. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. लेगोचा इतिहासही याबाबतीत निर्मळ नाही. २०१२ साली मुलींसाठी म्हणून काढलेल्या ‘लेगो फ्रेंड्स’ मालिकेतला ब्यूटी पार्लर आणि कॅफे यांवरचा भर अनेकांना खटकला होता आणि त्याविरुद्ध सह्यांची मोहीमही झाली होती. तंत्रज्ञानातल्या स्त्रीचे खेळणे म्हणजे तिच्या कपड्यांचे खेळणे, हा ठरीव साचा ‘विमेन ऑफ नासा’ने मोडला, आणि तो भाषण न देता, नुसत्या मांडणीतून मोडला.

बाकीच्या तिघींच्या बाबतीत पुस्तिका पुरत नाही; मोठ्या माणसाने सोबत बसून सांगावे लागते. सॅली राइड १९८३ साली अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. स्टॅनफर्डमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आणि शटलचा यांत्रिक हात चालवण्यात तरबेज असलेल्या या बाईंना पत्रकारांनी विचारले की, काम बिनसले तर तुम्ही रडता का; आणि नासाच्या अभियंत्यांनी आठवड्याभराच्या मोहिमेसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील ना, अशी चौकशी केली. नॅन्सी रोमन यांना शाळेत लॅटिनऐवजी बीजगणित हवे होते, तेव्हा कोणती सुसंस्कृत स्त्री लॅटिन सोडून गणित घेईल, असे मार्गदर्शक शिक्षिकेने सुनावले. त्याच रोमन पुढे नासाच्या पहिल्या खगोलशास्त्र-प्रमुख झाल्या आणि हबलच्या आई म्हणून ओळखल्या गेल्या. मे जेमिसन यांनी बालवर्गात मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे सांगितले, तर बाई म्हणाल्या, तुला नर्स म्हणायचे आहे ना? आपल्याकडेही वेगळे नव्हते. १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या अभियंत्यांसाठीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असे छापलेले वाचून सुधा मूर्ती यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले होते, ही गोष्ट पुण्यात घरोघरी माहीत आहे. भाचीच्या आजीने ती त्याच संध्याकाळी सांगितली आणि शटल जुळवता जुळवता भाचीने ती कान देऊन ऐकली.

आता उणिवा. पहिली तपशिलाची आहे. प्रक्षेपणतळावर उभे असलेले यान चॅलेंजर आहे आणि राइड यांच्यासाठी ते बरोबरच आहे. परंतु जेमिसन १९९२ साली उडाल्या त्या एंडेव्हर यानातून, आणि चॅलेंजर तर १९८६ च्या दुर्घटनेत नष्ट झाले होते. जागा आणि तुकडे वाचवण्यासाठी दोघींना एकाच देखाव्यात बसवले असणार. तरीही अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीला स्वतःचे यान मिळायला हवे होते. दुसरी उणीव अशी की, जुळवून झाल्यावर या संचाशी खेळण्यासारखे फारसे उरत नाही. तो फडताळावर मांडून ठेवण्याचा ऐवज आहे, आणि आदर्श स्त्रिया फडताळावर गेल्या की त्या मुलींना आपल्यातल्या वाटेनाशा होतात.

तिसरी उणीव मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हॅमिल्टन यांच्या चमूने लिहिलेला कोड यानात बसवायचा तर तो अक्षरशः विणावा लागत असे. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम येथील रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवत. तार कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. एक टाका चुकला तर प्रोग्रॅम चुकला. त्या कामाला अभियंत्यांनी नाव दिले होते ते म्हाताऱ्या बायकांची मेमरी. चिकाटी, बारीक नजर, हलका हात हे सगळे बायकांचे उपजत गुण समजायचे आणि म्हणून ते कौशल्यात धरायचे नाहीत, ही जी रीत आहे, तिचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही. त्या बायका संचात नाहीत. चळतीशेजारी तारा ओवणारी एक निनावी बाहुली असती, तर चार अलौकिक स्त्रियांच्या पलीकडे हे क्षेत्र कोणाच्या हातांवर उभे राहिले, हेही मुलींना दिसले असते.

हे मला इतके लागते, कारण तीच रीत मी अनुभवली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीत मला डेव्हलपमेंटमधून (सॉफ्टवेअर लिहिण्याच्या कामातून) टेस्टिंगला (ते तपासण्याच्या कामाला) हलवताना वरिष्ठांनी कौतुकाच्या स्वरात सांगितले होते की, मुली बारकाईच्या कामात चांगल्या असतात, त्यांना कंटाळा येत नाही, आणि टेस्टिंगला घरी जायलाही उशीर होत नाही. टेस्टिंग हे कमी दर्जाचे काम मुळीच नाही. उत्तम टेस्टरवाचून कोणतेही सॉफ्टवेअर उभे राहत नाही. आक्षेप आहे तो कामाची वाटणी कौशल्य न पाहता बाई-पुरुष पाहून करण्याला, आणि वाटणी झाल्यावर बाईच्या वाट्याच्या कामाचा पगार, पद आणि मान कमी ठरवण्याला. आजही बैठकीत टिपणे कोणी घ्यायची हे न विचारता ठरते, क्लायंट माझ्याशी बोलताना तांत्रिक प्रश्न शेजारच्या नव्या मुलाकडे वळवतो, आणि रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली प्रणाली, बंद पडले तर मला फोन करण्याआधी घरी चालेल का याची चर्चा माझ्या अपरोक्ष होते. हॅमिल्टन रात्री मुलीला घेऊन प्रयोगशाळेत जात होत्या, ही गोष्ट अशा वेळी फार आधार देते.

संच घ्यावा का? घ्यावा, आणि मुलांसाठीही घ्यावा. हा डबा मुलींच्या विभागातला म्हणून मुलाला देऊ नये असे कोणाला वाटत असेल, तर त्या मुलाला तो आधी द्यावा. अमेरिकेत त्याची मूळ किंमत २४.९९ डॉलर होती. आता जुन्या साठ्यातला डबा बराच महाग पडतो, म्हणून विक्रेत्याकडून चारही बाहुल्यांची आणि पुस्तिकेची छायाचित्रे आधी मागवावीत, नुसत्या बाहुल्या सुट्या विकणारेही आहेत हे ध्यानात ठेवावे, आणि लेगोसारख्या दिसणाऱ्या नकली संचांपासून सावध राहावे. घरात अगदी लहान मूल असेल तर बारीक तुकडे त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत. पैसे जपून वापरायचे असतील आणि सुटे भाग मिळत असतील, तर हॅमिल्टन यांची बाहुली तेवढी घ्यावी; चळत घरातल्या साध्या पांढऱ्या विटांचीही रचता येते, आमच्याकडे भाचीने ती आणखी उंच केली आहे.